टाळूच्या ऑपरेशननंतर लेकराचं खाणं: पातळ, मऊ आणि तरीही कसदार

तोंडातल्या दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन होऊन लेकरू घरी आलं की बहुतेक घरांत त्याच्यापुढे वरणाचं पाणी येतं. नाहीतर भाताची निवळ, साबुदाण्याची पातळ खीर. टाक्यांना धक्का लागू नये म्हणून हे चाललेलं असतं, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. पण वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नसतेच, ती खाली बसलेली असते. निवळीत भात नसतो. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. जखम भरायला शरीराला नेहमीपेक्षा जास्त कस लागतो, आणि नेमक्या त्याच दोन-तीन आठवड्यांत लेकराच्या पोटात रंगीत पाणी जातं. वजन उतरतं, लेकरू चिडचिडं होतं, जखम हळू भरते. पातळ खाऊ घालणं सोपं आहे. पातळ आणि कसदार खाऊ घालायला थोडी युक्ती लागते.

पुढचं सगळं साधारण ९ महिने ते ५ वर्षांच्या, दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन झालेल्या लेकरांसाठी आहे. दवाखान्यातून सुटी देताना मिळालेल्या कार्डावर जे लिहिलंय ते मात्र सगळ्यात वर. काही सर्जन दोन आठवडे फक्त पातळच द्यायला सांगतात, काही आठवड्याभरात कुस्करलेलं चालवून घेतात. टाळू किती रुंद फाटली होती, टाके कुठे आणि किती ताणून घातलेत, हे त्यांनाच माहीत असतं. कार्ड आणि हा लेख जुळले नाहीत तर कार्डाप्रमाणे चाला.

टाके का सांभाळायचे

टाळूचे टाके आपोआप विरघळणारे असतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत ते निघून जातात. तोवर दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींना पक्की धरायला हवी. मधेच एखादी जागा उसवली तर टाळूला भोक राहतं. मग खाल्लेलं-प्यालेलं नाकातून येत राहतं, बोलणं नाकात जातं, आणि ते भोक बुजवायला काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं. प्रत्येक भोक खाण्याच्या चुकीनं पडतं असं नाही. कधी जंतुसंसर्ग होतो, कधी ताण जास्त असतो. पण घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टी तीनच: टणक किंवा टोकदार काही टाळूला लागू न देणं, चिकटून राहील असं कणीदार काही न देणं, आणि तोंडात ओढून घेण्याचा किंवा फुंकण्याचा जोर पडू न देणं.

स्ट्रॉ, बाटलीचं कडक बूच, चोखणी, शिट्टी, पिपाणी, फुगा ही सगळी त्या तिसऱ्या कारणानं बंद. अंगणात खेळताना हातात येणारी काडी, पेन्सिल, खराट्याचा हीर ही पहिल्या कारणानं. दवाखान्यानं कोपराला पट्ट्या बांधून दिल्या असतील तर खाऊ घालतानाही त्या सोडू नका. बोट तोंडात जायला एक क्षण पुरतो.

तीन चाळण्यांची परीक्षा

"पातळ", "मऊ", "गिलगिलं" हे शब्द प्रत्येकजण आपापल्या अंदाजानं घेतो. आईचं मऊ वेगळं, आजीचं वेगळं. म्हणून घरातल्याच तीन मापांनी तपासा.

पहिला टप्पा: चहाच्या गाळणीतून न दाबता, आपोआप खाली उतरेल तेवढंच द्यायचं. साधारणपणे हा टप्पा पहिले ५ ते ७ दिवस, कार्डावर जास्त लिहिलं असेल तर तितके दिवस.

दुसरा टप्पा: पिठाच्या बारीक चाळणीवर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबलं की सगळं खाली उतरतं, वर चोथा राहत नाही. हे घट्ट असतं, पण त्यात एकही गाठ किंवा कण नसतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

तिसरा टप्पा: अंगठा आणि बोटात धरून हलकं दाबलं की लगेच पसरतं. मऊ खिचडी, कुस्करलेला आलू, वरणात विरघळलेला भात. हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, दाखवायला नेल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की.

लेकरू हसतंय, खेळतंय, भूक लागली म्हणून भाकरीकडे हात करतंय, म्हणून टप्पा ओलांडू नका. दुखणं चार-सहा दिवसांत कमी होतं, जखम मात्र तेवढ्यात भरलेली नसते. सगळ्यात जास्त गडबड दुसऱ्या आठवड्यात होते, ती याच कारणानं.

ऑपरेशनच्या आधीच करून ठेवायच्या गोष्टी

तारीख मिळाली की दोन-तीन आठवडे हाताशी असतात. त्यातलं सर्वांत मोलाचं काम म्हणजे लेकराला बाटली सोडवून वाटीनं, बोंडल्यानं किंवा छोट्या पेल्यानं प्यायला शिकवणं. ऑपरेशननंतर दुखऱ्या तोंडानं हे शिकवायला गेलात तर ते तोंडच उघडणार नाही.

दुसरं, कोरडं पीठ तयार ठेवा. ४०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम मूगडाळ वेगवेगळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. मंद आंचेवर वेगवेगळी भाजा, कारण डाळ आधी लाल होते आणि तांदूळ मागे राहतो. तांदूळ हातानं फुटेल असा हलका झाला आणि डाळीचा खमंग वास आला की उतरवा. थंड झाल्यावर गिरणीतून अगदी बारीक दळून आणा. गिरणीवाल्याला आधी कुणाचं तांदळाचं किंवा गव्हाचं दळण काढून मग हे टाकायला सांगा. तिखट किंवा मसाला दळल्यावर लगेच टाकलं तर त्याचा अंश पिठात येतो आणि टाक्यांना झोंबतो. घरी आणल्यावर बारीक चाळणीनं, आणि शक्य असेल तर पुन्हा मलमलच्या कापडानं चाळा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ तीन आठवडे आरामात टिकतं. पावसाळ्यात निम्मंच करा.

तिसरी गोष्ट फार कमी घरांत होते, पण कामाची आहे: मोड आलेल्या गव्हाचं पीठ. २०० ग्रॅम गहू रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या सुती कापडात बांधा. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत, हिवाळ्यात अडीच-तीन दिवसांत सेंटीमीटरभर मोड येतात. कापड दिवसातून दोनदा शिंपडून ओलं ठेवा. आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या. मग वरून पातळ कापड झाकून उन्हात कडक वाळवा, हातानं चोळून मोड काढा, आणि अगदी मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं नुसते गरम करा. लाल करायचे नाहीत. जास्त भाजलं की त्यातला स्टार्च तोडणारा घटक मरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दळून, चाळून छोट्या डब्यात ठेवा. यासाठी ज्वारी वापरू नका, ज्वारीच्या कोवळ्या मोडात विषारी द्रव्य तयार होतं.

या पिठाचा उपयोग असा. पेज कसदार करायला पीठ वाढवलं की ती घट्ट गोळा होते, मग गाळणीतून उतरत नाही. पातळ करायला पाणी घातलं की कस गेला. अशा घट्ट शिजलेल्या पेजेत, गंज (पातेलं) उतरवून तीन-चार मिनिटं थांबून, या पिठाचा एक चहाचा चमचा घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत ती डोळ्यांदेखत पातळ होते. त्यानंतर पुन्हा दोन मिनिटं उकळी द्यायलाच हवी, कारण मोड आलेल्या धान्यात जंतू राहू शकतात. त्याच वाटीत जवळपास दुप्पट पीठ मावतं. उकळत्या पेजेत घातलं तर मात्र काही होत नाही, आणि कोमट झाल्यावर घातलं तरी काम अर्धवट होतं.

मापं

खाली चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली. औषधाच्या बाटलीबरोबर मापाचं टोपण येतं, ते धुऊन वापरा. घरातल्या वाट्या १०० मिलीच्याही असतात आणि २०० च्याही, म्हणून एकदा त्या टोपणानं वाटी मोजून ठेवा. नाहीतर "दोन वाट्या प्यालं" याला काही अर्थ राहत नाही.

कणीची पेज, मूगडाळ घालून

तांदळाची कणी २ मोठे चमचे, सालं काढलेली मूगडाळ १ मोठा चमचा, पाणी ४०० मिली, चिमूटभर हळद. भंडारा-गोंदियाकडे कणी घरचीच असते, वऱ्हाडात बाजारातून आणावी लागते. नसली तर तांदूळ जाडसर भरडून घ्या. कुकरला ६ शिट्ट्या, मग आंच मंद करून १० मिनिटं. कुकर नसेल तर झाकण ठेवून चुलीवर ४५ मिनिटं, मधे मधे गरम पाणी घालत. गरम असतानाच रवीनं घुसळा. थंड झाल्यावर घुसळली तर गुठळ्या मोडत नाहीत. गाळणीतून काढा आणि २ चहाचे चमचे तूप मिसळा.

या तुपावर कंजूषी नको. एका चहाच्या चमच्यात जवळपास ४५ कॅलरी असतात आणि पेज त्यानं घट्ट होत नाही. घरी तूप नसेल तर तेवढंच तेल चालतं. तेल गरम करून थंड केलेलं घ्या, कच्च्या वासानं लेकरं तोंड फिरवतात.

चव म्हणून फोडणी हवी असेल तर पळीत तूप तापवून जिरं तडतडू द्या आणि ते तूप गाळणीतून पेजेत ओता. जिरं गाळणीत राहतं, वास पेजेत येतो. मोहरी, जिऱ्याचे दाणे, कढीपत्ता, सांबाराची (कोथिंबिरीची) पानं तोंडात जाता कामा नयेत, पान टाळूला चिकटून बसलं की निघत नाही. तिखट, मिरे, आलं, लसूण काही नाही. मीठ चिमूटभर, एक वर्षाखालच्या लेकराला तेही नको.

कोरडं पीठ तयार असेल तर हेच दहा मिनिटांत होतं: सपाट ३ मोठे चमचे पीठ आधी थंड पाण्यात गुठळी न होता कालवा, मग २५० मिली उकळत्या पाण्यात धारेनं सोडा, ८ मिनिटं ढवळत शिजवा. थेट गरम पाण्यात पीठ टाकलं की वरून शिजलेल्या, आतून कोरड्या गोळ्या होतात. त्या गाळणीत अडकतात आणि निम्मं पीठ फुकट जातं.

गव्हाच्या पिठाची दुधातली लापशी

दिवसभरातल्या सगळ्या पदार्थांत कसाला ही सर्वांत भारी. २ मोठे चमचे कणीक मलमलमधून चाळा. १ चहाचा चमचा तुपात मंद आंचेवर गुलाबी भाजा, ५० मिली पाण्यात कालवा, मग २०० मिली दूध घालून ७-८ मिनिटं ढवळत शिजवा. एका चहाच्या चमच्याइतका गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, दूध उतरवल्यावर घाला. गुळात खडे आणि काड्या असतात, म्हणून गाळणं आहे, आणि उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं. गाईच्या दुधात यातून साधारण २५० कॅलरी मिळतात, म्हशीच्या दुधात आणखी जास्त.

एक वर्षाखालच्या लेकराला गाईचं-म्हशीचं दूध असं शिजवलेल्या खाण्यात चालतं, पण प्यायला आईचंच दूध किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं. अंगावर पाजायला कधी सुरुवात करायची, हे सुटी घेतानाच विचारून घ्या. प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी आहे. तोवर दूध काढून वाटीनं पाजा, म्हणजे दूध आटत नाही. मध मात्र एक वर्षाखाली कोणत्याही रूपात नाही, जखमेवर लावायलाही नाही.

ज्वारी

ज्वारी चालते, पण कोंडा नाही. ज्वारीच्या पिठातला कोंडा टाक्यांच्या दोऱ्यात अडकतो. पीठ दोनदा मलमलमधून चाळूनच घ्या, आणि कण्या पहिल्या तीन आठवड्यांत करू नका, कितीही शिजवल्या तरी दाणा हाताला लागतो. आंबील उन्हाळ्यात रोजची असली तरी आता तिचा आंबटपणा जखमेला झोंबतो. पीठ न आंबवता, नुसत्या पाण्यात शिजवून वरून दूध घाला. कढी, ताक, चिंचेचं काही, भेदऱ्याचं (टोमॅटोचं) सार हे सगळं दुसऱ्या आठवड्यानंतर.

कोहळं आणि आलू

१०० ग्रॅम कोहळं (लाल भोपळा), एक छोटा आलू, १ मोठा चमचा मूगडाळ, ३०० मिली पाणी. कुकरला ४ शिट्ट्या, मग चाळणीवर दाबून काढा आणि २ चहाचे चमचे तूप. कोहळ्याचे दोरे चाळणीवर राहतात, ते फेका. आलू मिक्सरमधून फिरवू नका, तो खळीसारखा चिकट होतो आणि टाळूला लेप बसतो. चाळणीवर दाबलेला आलू मऊ राहतो. लाईन गेली तरी हे काम अडत नाही. पुरणयंत्र असेल तर त्यात कोहळं, गाजर, डाळ एकदम निघतं, फक्त त्यानंतर एकदा बारीक चाळणी मारा.

बीट मात्र आता नको. ते वाईट नाही, पण लाळ लाल झाली की रक्त आहे की बीट, हे रात्री दोन वाजता कळत नाही. लाल सरबताचंही तेच.

अंडं, मटणाचं पाणी, फळं

अंडं दुसऱ्या टप्प्यात, आणि लेकरानं ते आधी खाल्लेलं असेल तरच. ऑपरेशननंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कोणताही नवा पदार्थ सुरू करू नका. पुरळ किंवा उलटी झाली तर ती औषधानं की खाण्यानं, हे समजत नाही. एक अंडं, १५० मिली कोमट दूध, २ चहाचे चमचे साखर एकत्र फेटा, फेस काढा, गाळा. वाटीत ओतून, वर ताटली झाकून, गंजात अर्ध्या वाटीपर्यंत पाणी घेऊन मंद आंचेवर १५ मिनिटं वाफवा. मधोमध सुरी घातली की कोरडी निघायला हवी. आंच मोठी झाली तर त्याला जाळी पडते, पाणी सुटतं आणि रबरासारखे तुकडे होतात. ते लेकराला देऊ नका.

पायाचं किंवा मटणाचं पाणी ताकदीचं, असं सगळीकडे मानतात. खरं तर मांस फेकून नुसतं पाणी दिलं तर त्यात फारसं काही येत नाही. त्याच पाण्यात मूगडाळ शिजवा, मग त्याला अर्थ आहे. मसाला न घालता उकळा आणि चाळणी नव्हे, कापडातून गाळा. हाडाची बारीक कपची चाळणीतून सुटते.

फळांत केळ आणि पिकलेली पपई सर्वांत सोयीची. अर्धं पिकलेलं केळ चाळणीवर दाबून १०० मिली दुधात फेटा. चिकू आणि सीताफळ रवाळ असतात, ते नंतर. आंब्याचा रस दोरे गाळून, तोही पहिला आठवडा गेल्यावर. आणि संत्रं: बागेतलं ताजं असलं, पाहुणे पिशवीभर घेऊन आले असले, तरी दोन आठवडे नाही. रस टाक्यांना आगीसारखा लागतो. एकदा तसं झालं की लेकरू पुढच्या वाटीलाही तोंड लावत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं. मोसंबी, लिंबू, आवळ्यालाही हाच नियम.

भरवायचं कसं

लेकराला मांडीवर सरळ बसवा, डोकं किंचित वर. आडवं झोपवून कधीच नाही. वाटीची किंवा बोंडल्याची कड खालच्या ओठावर टेकवा आणि थोडंसं कलतं करा. लेकरानं स्वतः घोट घ्यायला हवा, आपण ओतायचं नाही. घोट गिळल्यावर थांबा. चमचा वापरायचाच असेल तर उथळ आणि मऊ कडेचा, आणि तोही ओठाच्या आत न नेता आडवा धरून, कडेनं. स्टीलचा चमचा जिभेवरून मागे सरकवला की त्याचं टोक नेमकं टाकेच गाठतं.

खाणं कोमट किंवा खोलीइतकं गार. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. गरम खाण्यानं दुखतं आणि रक्त सुटू शकतं. वेदनेचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या मात्रेतच द्या. ते दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं भरवलं तर लेकरू बरंच जास्त घेतं. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढतो.

प्रत्येक खाण्यानंतर उकळून गार केलेलं पाणी २-३ चमचे पाजा. दूध आणि लापशीचा थर टाक्यांवर साचला की तिथे जंतू वाढतात. बोटानं, कापसानं पुसायचं नाही. टॉर्च लावून, चमच्यानं जीभ दाबून टाके बघायचे नाहीत. शेजारच्यांना दाखवायचे तर नाहीतच. तुरटी, हळद-मध, तुपाचा बोळा काही लावू नका. भरवल्यावर अर्धा तास उभं किंवा मांडीवर बसतं ठेवा, आणि चुलीच्या धुरापासून लांब, कारण ठसका लागला की टाक्यांवर जोर येतो.

दिवसाला किती

पहिल्या १० किलो वजनापर्यंत किलोमागे १०० मिली, आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोला ५० मिली, एवढं द्रव चोवीस तासांत पोटात जायला हवं. ९ किलोच्या लेकराला ९०० मिली, १२ किलोच्याला ११००. यात दूध, पेज, पाणी सगळं धरलं. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की थोडं जास्तच.

पहिले दोन-तीन दिवस ते निम्मंच घेईल. तेव्हा दर अर्ध्या-पाऊण तासानं दोन-चार घोट, आणि लघवीवर लक्ष. मग असा दिवस बसतो: सकाळी साडेसहाला १०० मिली दूध, साडेआठला १५० मिली लापशी, साडेदहाला केळ-दूध, साडेबाराला १५० मिली पेज, तीनला १२० मिली कोहळं-आलू, पाचला पुन्हा लापशी, साडेसातला पेज, झोपायच्या आधी १०० मिली दूध. हे एक लिटरच्या आसपास होतं आणि कॅलरी साडेआठशेच्या घरात. वर्ष-दीड वर्षाच्या लेकराला या दिवसांत ते चांगलं आहे. कापूस वेचणीचे दिवस असतील आणि आई शेतात जाणार असेल तर हेच कागदावर लिहून आजीजवळ द्या, आणि किती घेतलं त्याच्या रेघा त्यावरच ओढायला सांगा.

उन्हाळ्यात शिजवलेली दुधाची लापशी तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रीज नसेल तर एका वेळेचंच करा, उष्टं राहिलं तर मोठ्यांनी संपवा, पुढच्या वेळेला लेकराला नको.

नागपूर, सावंगी किंवा सेवाग्रामहून गावी परतताना चार-पाच तास एसटीत जाऊ शकतात. सोबत बिनदुधाची पेज थर्मासमध्ये न्या: थर्मास आधी उकळत्या पाण्यानं धुवा, पेज उकळती भरा, आणि वाटीत काढून निववून दोन-तीन तासांच्या आत संपवा. दुधाचं काही थर्मासमध्ये भरू नका. कोमट राहिलेल्या दुधात जंतू झपाट्यानं वाढतात.

अडचणी

नाकातून थोडं दूध किंवा पेज येणं पहिल्या काही दिवसांत दिसू शकतं, आत सूज असते. घाबरून भरवणं थांबवू नका, घोट लहान करा, अधिक सरळ बसवा. पण आधी येत नव्हतं आणि आठ-दहा दिवसांनी येऊ लागलं, तर दाखवायला न्या.

खाणं पूर्ण नाकारलं तर आधी वेदना बघा, मग खाण्याचं तापमान, मग चव. रोज तीच गोड लापशी दोन दिवसांत नकोशी होते. एक गोड, एक खारं असं आलटून-पालटून द्या. जबरदस्तीनं नाक दाबून ओतू नका. रडताना ओतलेलं श्वासनलिकेत जातं.

शौचाला कडक होणं नेहमीचंच, कारण चोथा बंद आहे. पाणी वाढवा, पपई द्या, ८-१० मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळलेलं पाणी द्या. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, कमी पाण्यात नाही.

बिस्कीट दुधात बुडवून देणं सगळ्यांना सोपं वाटतं. पूर्ण विरघळवून गाळलं तर टाक्यांना त्रास नाही, पण पोट भरतं आणि कस मिळत नाही. चहात बुडवून तर नकोच. मुरमुरे, शेव, चिवडा, फल्लीदाणे (शेंगदाणे), फुटाणे, पापड, टोस्ट, भाकरीचा पापुद्रा महिनाभर लेकराच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. घरातली मोठी भावंडं लाडानं भरवतात, त्यांनाही एकदा नीट सांगून ठेवा.

ताबडतोब दवाखाना

पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी असते, ते चालतं. लालभडक रक्त सतत येत असेल, रक्ताची उलटी झाली, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करा. ताप १०१ च्या वर, सहा-आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, लेकरू सुस्त पडलंय, तोंडाला घाण वास येतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या.

वजन दर आठवड्याला अंगणवाडीत, त्याच काट्यावर करा. पहिल्या आठवड्यात थोडं उतरलं तर चालतं, तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते परत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता अंगणवाडी ताईंना किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा.

पुन्हा भाकरीकडे

डॉक्टरांनी तोंड तपासून परवानगी दिली की आधी मऊ खिचडी, मग वरण-भात, मग पोळी. पोळीचा मधला मऊ भाग वरणात वीस मिनिटं भिजवून कुस्करा, कडा नाही. भाकर सर्वांत शेवटी, ताजी, पापुद्रा काढून, दुधात किंवा वरणात कुस्करून. शिळी भाकर कितीही भिजवली तरी तिचे कडक तुकडे आत तसेच राहतात. तिखट आणखी एक आठवडा कमीच ठेवा. फल्लीदाणे, फुटाणे यांसारखे अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या लेकराला ऑपरेशन नसतानाही घशात अडकू शकतात, तेव्हा ते पुन्हा सुरू करायची घाई नको.